अंडकोषात दुखतंय? आधी घड्याळ बघा, मग पुढचं वाचा

आत्ता या क्षणी एका बाजूचा अंडकोष अचानक जोरात दुखायला लागला असेल, मळमळतंय किंवा उलटी झालीये, आणि हे सगळं गेल्या काही तासांतच सुरू झालंय, तर हा लेख बंद करा आणि जिथे ऑपरेशनची सोय आहे अशा हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. सकाळी बघू, आधी ओळखीच्या डॉक्टरांना फोन करू, असलं काही नको. निघताना काही खाऊपिऊ नका, भूल द्यायची वेळ येऊ शकते.

बाकीच्यांनी सावकाश वाचा.

माझा मावसभाऊ १४ वर्षांचा असताना एकदा पहाटे उठला आणि पोट दुखतंय म्हणाला. मावशीने गॅसचं औषध दिलं. सकाळी डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी पोट दाबून बघितलं, इंजेक्शन दिलं, घरी पाठवलं, पॅन्ट खाली कर असं त्याला कोणी म्हणालंच नाही. मी तेव्हा त्यांच्याकडेच होतो. दिवसभर तो वाकून चालत होता आणि उजवा हात सारखा शॉर्ट्सच्या खिशात, बाहेर काढायचाच नाही, मी चिडवलं पण त्यावरून. दुपारी आम्ही दोघंच खोलीत असताना भिंतीकडे बघत म्हणाला, दादा, पोट नाही रे, खाली दुखतंय. तोपर्यंत बारा तास होऊन गेले होते. रात्री ऑपरेशन झालं आणि तो अंडकोष काढावा लागला. आज तो मस्त आहे, एका अंडकोषावर शरीराचं सगळं व्यवस्थित चालतं, पण "खाली" हा एक शब्द सकाळी बोलला असता तर कदाचित दोन्ही राहिले असते. म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

आधी नकाशा समजून घ्या

नावांचा गोंधळ आधी मिटवू. पुस्तकात आतल्या गोळ्याला वृषण म्हणतात आणि बाहेरच्या पिशवीला वृषणकोष, बोलताना आपण दोन्हीला अंडकोषच म्हणतो. मी इथे आतल्या गोळ्याला अंडकोष म्हणतो आणि बाहेरच्या कातडीला पिशवी. आणि अंडाशय म्हणू नका प्लीज, ते बायकांच्या पोटात असतं, बरेच जण घाईत तेच टाइप करतात.

मोठ्या माणसाचा अंडकोष साधारण ४ ते ५ सेंमी लांब असतो, हाताला गुळगुळीत आणि थोडा दबणारा लागतो. दोन्ही अगदी सारखे नसतात, एक थोडा मोठा आणि बहुतेकांचा डावा जरा खाली लोंबतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आत बारीक नळ्यांची गर्दी असते, तिथे शुक्राणू बनतात, आणि त्या नळ्यांच्या मधल्या पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. शुक्राणू तयार व्हायला शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ४ डिग्री कमी लागतं, म्हणून हा एवढा नाजूक माल शरीराच्या बाहेर पिशवीत टांगलेला आहे. थंडी वाजली की पिशवी आक्रसून वर जाते आणि गरम झालं की सैल पडते, ती त्याचीच सोय.

या गोळ्यावर एक पांढरं, चिवट आवरण असतं आणि ते फारसं ताणत नाही. दुखण्याचं अर्धं गणित इथेच आहे, कारण आत थोडी जरी सूज आली तरी तिला पसरायला जागा नसते, दाब वाढतो आणि माणूस कळवळतो.

अंडकोषाच्या मागच्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक मऊ, वळ्यावळ्यांची पट्टी चिकटलेली असते, ती एपिडिडायमिस. ही खरं तर एकच बारीक नळी आहे आणि सरळ केली तर ६ मीटरच्या आसपास भरते. शुक्राणू इथे पिकतात, म्हणजे पोहायला शिकतात म्हणा. तिथून पुढे शुक्रवाहिनी निघते, बोटांत धरली तर जाड दोऱ्यासारखी कडक लागते. ती जांघेतून पोटात शिरते, मूत्राशयाच्या मागून जाते आणि प्रोस्टेटमधून, म्हणजे मूत्राशयाच्या खाली असलेल्या ग्रंथीतून, लघवीच्या नळीला मिळते. नसबंदीत हीच कापतात. वीर्याचा बहुतेक भाग प्रोस्टेट आणि शुक्राशयात तयार होतो, शुक्राणूंचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के, त्यामुळे नसबंदीनंतर बघून काही फरक कळत नाही.

शुक्रवाहिनी, रक्त आणणारी धमनी, रक्त परत नेणाऱ्या शिरा आणि नसा हे सगळं मिळून एक दोर होतो आणि अंडकोष त्या दोराला टांगलेला असतो. हा दोर नीट लक्षात ठेवा, पुढे तोच खलनायक आहे.

आणखी एक मजेशीर गोष्ट. आईच्या पोटात असताना अंडकोष मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि मग खाली उतरतात, येताना आपली रक्ताची आणि नसांची वायर वरूनच ओढत आणतात. म्हणून अंडकोष दुखला की पोटात कळ जाते, मळमळतं, आणि उलट मुतखडा वर अडकला तरी दुखतं खाली. माझा भाऊ पोट दुखतंय म्हणाला ते अर्धं खरंच होतं, त्याला तिथेही दुखतच होतं.

दुखणं कसलं आहे ते कसं ओळखायचं

स्वतःला चार गोष्टी विचारा आणि उत्तरं मोबाईलमध्ये लिहून ठेवा, डॉक्टर हेच विचारणार आहेत. कधी सुरू झालं, म्हणजे एका मिनिटात आलं की दोन दिवसांत वाढत गेलं. नेमकं कुठे, म्हणजे अख्खा गोळा की मागची पट्टी की वर जांघेत की नुसती कातडी. सोबत काय, म्हणजे ताप, लघवीला जळजळ, लिंगातून पू, उलटी, मार लागलेला, जांघेत फुगवटा. आणि कशाने कमी होतं, आडवं पडल्यावर बरं वाटतं का.

यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. किती वाजता सुरू झालं ते माहीत असेल तर ती वेळ लिहाच.

एका झटक्यात आलेलं दुखणं: पीळ

अंडकोष दोराभोवती गरगर फिरतो, दोराला पीळ बसतो आणि रक्त बंद होतं. इंग्रजीतून आलेला शब्द टॉर्शन, डॉक्टर तोच वापरतात. साधारणपणे अंडकोष मागच्या बाजूने पिशवीला चिकटलेला असतो म्हणून फिरत नाही, पण काही मुलांमध्ये ती पकड जन्मतःच नसते आणि तो घंटेतल्या लोलकासारखा मोकळा लोंबतो. अशांना झोपेत, खेळताना, थंडीत, कशानेही पीळ बसू शकतो. १२ ते १८ वयात सगळ्यात जास्त, पण चाळिशीतल्या माणसालाही होऊ शकतं आणि नवजात बाळालाही.

लक्षणं अशी की दुखणं अचानक, बऱ्याचदा झोपेतून उठवणारं, एकाच बाजूला, सोबत मळमळ किंवा उलटी, आणि तो अंडकोष दुसऱ्यापेक्षा वर चढलेला किंवा आडवा झालेला दिसतो. ताप आणि लघवीची जळजळ सहसा नसते. डॉक्टर मांडीच्या आतल्या बाजूला हळूच ओरखडतात, एरवी त्या बाजूचा अंडकोष टुणकन वर जातो, पीळ असेल तर बहुतेक वेळा हलत नाही.

पहिल्या ६ तासांत ऑपरेशन झालं तर १० पैकी ९ वेळा अंडकोष वाचतो. १२ तासांनंतर शक्यता झपाट्याने कमी होते आणि २४ तासांनंतर फारच थोडे वाचतात. म्हणून चिन्हं स्पष्ट असतील तर डॉक्टर सोनोग्राफीची वाटही न बघता सरळ ऑपरेशनला घेतात, त्यात घाई केली असं समजू नका. पीळ सोडवतात, अंडकोष पिशवीला टाके घालून पक्का करतात आणि दुसऱ्या बाजूचाही करतात, कारण लोलकाची सवय बहुतेक दोन्हीकडे असते. पण उशीर झालाय म्हणून आता जाऊन काय उपयोग असाही विचार करू नका, कधी कधी पीळ अर्धवट असतो आणि उशिरा गेलेल्याचाही वाचतो.

एक फसवा प्रकार आहे. जोरात दुखलं, अर्ध्या तासात आपोआप गेलं, सुटलो एकदाचे. हा पीळ बसून स्वतःच सुटलेला असू शकतो, पुढच्या वेळी सुटेलच असं नाही, त्यामुळे दुखणं गेलं तरी डॉक्टरांना दाखवा आणि "आलं आणि गेलं" हे शब्द नक्की वापरा.

साधारण ७ ते १२ वर्षांच्या मुलांमध्ये याचा एक छोटा भाऊ दिसतो, अंडकोषाच्या वरच्या टोकाला एक निरुपयोगी बारीक शेंडी असते, तिलाच पीळ बसतो. कधी कधी कातडीतून निळसर ठिपका दिसतो. आठवड्याभरात आराम आणि वेदनाशामकाने बरं होतं, पण हे तेच आहे हे डॉक्टरांनी ठरवायचं, आईबाबांनी नाही.

हळूहळू वाढलेलं: इन्फेक्शन

मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त दिसणारं कारण हे, एपिडिडायमिसला सूज. दुखणं मागच्या बाजूला सुरू होतं, एक-दोन दिवसांत वाढतं, मग अख्खी बाजू लाल, गरम, जड. ताप येतो, लघवीला जळजळ होते, सारखी लागते. माणूस पाय फाकवून चालायला लागतो आणि विचारलं की कंबर धरलीये म्हणतो.

पस्तिशीच्या आतल्या माणसांत जंतू बहुतेक वेळा सेक्समधून आलेले असतात, क्लॅमिडिया आणि गोनोरिया. त्यापुढच्या वयात लघवीच्या मार्गातले साधे जंतू, ई कोलाय वगैरे, विशेषतः प्रोस्टेट वाढलेलं असेल किंवा नुकताच कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला असेल तर. अँटिबायोटिक वेगवेगळं लागतं, म्हणून डॉक्टरांनी सेक्सबद्दल विचारलं तर खरं सांगा, ते तुमच्या चारित्र्याचा दाखला देत नाहीयेत, गोळी ठरवतायत. कोर्स साधारण १० ते १४ दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबवायचं नाही. सेक्समधून आलेलं असेल तर जोडीदाराचंही औषध एकत्रच, नाहीतर तेच इन्फेक्शन परत तुमच्याकडे येतं. दुखणं काही दिवसांत उतरतं पण सूज काही आठवडे रेंगाळते.

आठवडे-महिने चाललेली, औषधाने न हटणारी गाठाळ सूज असेल तर टीबी तपासतात, तोही एपिडिडायमिसमध्ये बसतो.

गालगुंड झालेल्या मुलाला, वयात आलेला असेल तर, गाल सुजल्यावर आठवड्याभराच्या आसपास अंडकोष सुजू शकतो. हा व्हायरस, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. सुजलेला अंडकोष पुढे थोडा बारीक होऊ शकतो, पण पूर्ण वंध्यत्व क्वचित येतं, लोक उगाच घाबरवतात.

आणि डायबेटिस असलेल्यांनी एक लक्षात ठेवायचं, पिशवीची किंवा आजूबाजूची कातडी झपाट्याने सुजतेय, काळपट पडतेय, घाण वास येतोय, ताप आहे, तर ती तासांची शर्यत आहे. लगेच हॉस्पिटल.

जड, ओढल्यासारखं, संध्याकाळी वाढणारं

हे बहुतेक व्हेरिकोसील. पिशवीतल्या शिरा फुगतात, उभं राहून बघितलं तर गांडुळांची पुरचुंडी असल्यासारखं हाताला लागतं. १०० पुरुषांत १५ जणांना असतं आणि बहुतेकांना पत्ताही नसतो. जवळजवळ नेहमी डाव्या बाजूला, कारण डावी शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि रक्त वर चढताना अडतं. दिवसभर उभं राहिलं की दुखतं, आडवं पडलं की जातं. दुखणं फार असेल किंवा मूल होण्यात अडचण असेल तर ऑपरेशन, नाहीतर घट्ट अंडरवेअर घालून निभतं. फक्त उजव्या बाजूला नव्याने दिसलं किंवा आडवं पडूनही शिरा रिकाम्या होत नसतील तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या, वर काहीतरी दाबत असू शकतं.

हायड्रोसील म्हणजे अंडकोषाभोवती पाणी साचणं, सहसा दुखत नाही, फक्त जड. अंधारात मागून टॉर्च लावला तर लालसर उजेड आरपार दिसतो. हर्नियात खोकताना जांघेत फुगवटा येतो आणि झोपल्यावर जातो. तो फुगवटा आत जायचं थांबला, कडक झाला, उलट्या सुरू झाल्या की ते आतडं अडकलंय, पुन्हा इमर्जन्सी.

मुतखड्याचं दुखणं कमरेतून सुरू होऊन खाली येतं, माणूस एका जागी बसू शकत नाही, आणि अंडकोष दाबला तर मात्र खास दुखत नाही. नसबंदीनंतर १०० त एक-दोघांना दुखणं रेंगाळतं. खूप वेळ उत्तेजना होऊन वीर्य बाहेर पडलं नाही तर खाली जड वाटतं, ते निरुपद्रवी आहे, आपोआप जातं, आणि त्याचं कारण देऊन कोणाला सेक्ससाठी गळ घालायची नसते. हस्तमैथुनाने अंडकोष दुखणं, लहान होणं, नस कमजोर होणं, हे सगळं खोटं.

मार लागला तर पहिली काही मिनिटं डोळ्यापुढे तारे चमकतात ते साहजिक. तासाभरात उतरलं तर ठीक. नाही उतरलं, सूज वाढतेय, पिशवी काळीनिळी होतेय, तर आवरण फाटलेलं असू शकतं, सोनोग्राफी लागते.

कधी कधी सगळ्या तपासण्या नॉर्मल आणि तरी ३ महिन्यांपेक्षा जास्त दुखत राहतं. ते मनाचे खेळ नसतात, कंबरेची नस, ओटीपोटाचे आवळलेले स्नायू असं काहीही मागे असू शकतं, त्यावर फिजिओथेरपीपासून नस बधिर करण्यापर्यंत उपाय आहेत.

जे दुखत नाही त्याची जास्त काळजी

सगळे कॅन्सरच्या भीतीने सर्च करतात आणि गंमत अशी की अंडकोषाचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखतच नाही. अंडकोषावरच कडक गाठ, किंवा एक बाजू जड आणि मोठी झाल्यासारखी, एवढंच. दुखतं ते थोड्यांना. १५ ते ४० वयात हा जास्त दिसतो, आणि लहानपणी ज्यांचा अंडकोष खाली उतरला नव्हता त्यांना धोका अधिक, ऑपरेशन करून उतरवला असला तरी. वेळेत सापडला तर १०० पैकी ९५ हून जास्त बरे होतात. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा १९९६ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी सापडला तेव्हा फुफ्फुस आणि मेंदूपर्यंत गेला होता, तरी तो बरा झाला. त्याच्या डोपिंगबद्दल काय बोलायचं ते बोला, पण त्याने सूज अंगावर काढली होती ती चूक आपण करायची नाही.

तपासायचं असं. महिन्यातून एकदा गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर, पिशवी सैल असताना, एकेक अंडकोष अंगठा आणि बोटांमध्ये धरून हळू फिरवा. सगळा पृष्ठभाग गुळगुळीत लागला पाहिजे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मागे काहीतरी गाठीसारखं लागलं, पाय गार पडले, दोन रात्री झोपलो नाही. डॉक्टरांनी बोट ठेवून सांगितलं की हा एपिडिडायमिस आहे, दुसऱ्या बाजूला पण बघ. होता की तिथेही! म्हणून नेहमी दोन्ही बाजू ताडून बघा. मागची मऊ पट्टी दोन्हीकडे सारखी लागली तर ती तुमचीच आहे, पण गोळ्याला चिकटलेला खड्यासारखा कडक भाग फक्त एकीकडे असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

डॉक्टरांकडे आणि घरी

जायचं यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे लघवीच्या मार्गाच्या आणि या भागाच्या डॉक्टरांकडे, किंवा जनरल सर्जनकडे. आत गेल्यावर "खाली प्रॉब्लेम आहे" म्हणून थांबू नका, "उजवा अंडकोष काल रात्री ११ पासून दुखतोय" असं बोला, एवढ्याने तुमचा अर्धा तास वाचतो. उभं करून आणि झोपवून हाताने तपासतील, लघवीची तपासणी, डॉप्लर सोनोग्राफी म्हणजे रक्त वाहतंय का ते बघणारी, आणि गाठीची शंका असेल तर रक्तातले मार्कर, म्हणजे कॅन्सर असेल तर रक्तात वाढणारे पदार्थ. तपासताना लिंग ताठरलं तर मरणाची लाज वाटते, पण डॉक्टरांनी ते शंभरदा बघितलेलं असतं. पुरुष डॉक्टर हवे असतील तर तसं सांगा.

पिळाची शंका नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मगच घरचे उपाय. आडवं पडा, पिशवीखाली टॉवेलची घडी ठेवून ती उचलून धरा, बर्फ कापडात गुंडाळून १०-१५ मिनिटं लावा, थेट कातडीवर कधीच नाही. नीट आधार देणारी अंडरवेअर किंवा सपोर्टर. पॅरासिटामॉल चालतं, आयब्युप्रोफेन पोट आणि किडनी ठीक असेल तर. तेल लावून चोळणं, शेक देणं, कोणाच्या सांगण्यावरून स्वतः अंडकोष फिरवून पीळ सोडवायला बघणं, हे तिन्ही बंद.

इन्फेक्शन म्हणून औषध सुरू झालं आणि ३ दिवसांत काहीच फरक नाही, तर परत जा. आणि कोर्स संपून महिना-दीड महिना झाला तरी एका जागी कडकपणा उरलाय असं वाटलं, तर दुखत नसलं तरी पुन्हा एकदा सोनोग्राफी मागून घ्या, कारण सुजेच्या आड लपलेली गाठ सूज उतरल्यावरच नीट हाताला लागते.